चौऱ्याण्णव दशांश सात : सेंट लुईसच्या ‘के-शी’ रॉक नभोवाणी केंद्राची वाटचाल

स्थापनेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या सेंट लुईस शहराच्या परिसरात ९४.७ मेगाहर्ट्झवरून चालणारे के-एस-एच-ई हे नभोवाणी केंद्र ११ फेब्रुवारी १९६१ रोजी सुरू झाले आणि ५ नोव्हेंबर १९६७पासून त्याने रॉक संगीताला वाहून घेतले. या दुसऱ्या आणि अधिक निर्णायक प्रारंभाला नोव्हेंबर २०२७मध्ये साठ वर्षे पूर्ण होत असल्याने, हीरकमहोत्सवाच्या उंबरठ्यावर केंद्राच्या वाटचालीचा आढावा घेणे उचित ठरते. अमेरिकेत नभोवाणी केंद्राला नावापेक्षा संघराज्य दळणवळण आयोगाने दिलेली अक्षरे अधिक महत्त्वाची असतात. १९३४मध्ये स्थापन झालेला हा आयोग प्रसारणाचे परवाने देतो, आणि साधारणपणे मिसिसिपीच्या पश्चिमेकडील केंद्रांची अक्षरे ‘के’पासून व पूर्वेकडील केंद्रांची ‘डब्ल्यू’पासून सुरू होतात. श्रोते मात्र ही अक्षरे सुटी न उच्चारता ‘के-शी’ म्हणतात, आणि ९४.७ हा आकडा पूर्णांकात आणून त्याला ‘पंचाण्णव’ची जोड देतात.

केंद्राच्या स्थापनेच्या वेळी अमेरिकी नभोवाणीचे जग एएम आणि एफएम अशा दोन असमान भागांत विभागलेले होते. एएम पद्धतीत ध्वनीनुसार विद्युत्-चुंबकीय लहरीची उंची बदलत जाते; तिच्या केंद्रांच्या लहरींची कंपनसंख्या कमी असल्याने त्या दूरवर पोहोचतात, परंतु विजेचा कडकडाट, मोटारींच्या इंजिनांची खरखर आणि शेजारच्या केंद्रांचा आवाज तिच्यात सहज मिसळतो. एडविन आर्मस्ट्राँग या अभियंत्याने १९३३मध्ये एकस्वे मिळवलेल्या एफएम पद्धतीत लहरीची उंची कायम राहून तिची कंपनसंख्या बदलते, आणि म्हणून पल्ला मर्यादित असला तरी ध्वनी स्वच्छ येतो. गुण असूनही एफएमला ग्राहक नव्हता. घरोघरी आणि विशेषतः मोटारींमध्ये एएमचेच संच होते, जाहिरातदार तिकडेच जात, आणि पुष्कळशी एफएम केंद्रे आपल्याच मालकाच्या एएम केंद्राचा कार्यक्रम जशाच्या तसा पुन्हा ऐकवण्यापुरती जिवंत ठेवलेली होती.

सेंट लुईसमध्येही हेच चित्र होते. ५० हजार वॅट शक्तीच्या के-एम-ओ-एक्स या एएम केंद्राने बातम्या, श्रोत्यांशी दूरध्वनीवरील चर्चा आणि बेसबॉलचे धावते वर्णन यांच्या बळावर शहरातील प्रौढांची घरे काबीज केली होती, तर के-एक्स-ओ-के हे केंद्र तरुणांना ‘टॉप फॉर्टी’ ऐकवत होते. ‘टॉप फॉर्टी’ म्हणजे त्या आठवड्यात सर्वाधिक खपणारी सुमारे चाळीस गाणी आलटूनपालटून वाजवण्याची पद्धत. त्यांपैकी बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आतबाहेरची असत, आणि त्यांच्या मध्ये निवेदकाची अखंड बडबड, घंटा, जाहिराती व बक्षिसे यांची रेलचेल असे. या दोन बलाढ्य केंद्रांच्या सावलीत एका उपनगरातील नव्या एफएम केंद्राची दखल कोणी घ्यावी, असे काही नव्हते.

१९६१ ते १९७० : तळघरापासून महामार्गापर्यंत

केंद्राचे संस्थापक एड सेरीस यांनी शहराच्या नैऋत्येकडील क्रेस्टवुड या उपनगरातील आपल्या राहत्या घराच्या तळघरातून प्रसारणाला आरंभ केला. केंद्राचे स्वरूप पाश्चात्त्य अभिजात संगीताचे होते आणि निवेदनासाठी स्त्रियांचे आवाज योजून केंद्राची ओळख ‘लेडी ऑफ एफएम’ अशी करून देण्यात आली होती. अक्षरांची निवडही त्याच कल्पनेशी जुळणारी होती, कारण इंग्रजीत ‘शी’ म्हणजे ‘ती’. उपनगराची निवडही काळाला धरूनच होती, कारण १९५०च्या जनगणनेत ८,५६,७९६ असलेली सेंट लुईस शहराची लोकसंख्या १९६०मध्ये ७,५०,०२६वर आली होती आणि नोकरदार मध्यमवर्ग नव्या घरांसाठी, नव्या शाळांसाठी व मोटार लावायला जागा मिळावी म्हणून शहराबाहेर सरकत होता. केंद्र सुरू झाले त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोगाने एफएमवरील स्टिरिओ प्रसारणास, म्हणजे डाव्या व उजव्या ध्वनिवर्धकांतून वेगवेगळे ध्वनी ऐकू येतील अशा द्विमार्गी प्रसारणास, मान्यता दिली आणि १ जून १९६१पासून देशात अशी प्रसारणे सुरू झाली. त्या वेळी हे शौकिनांचे खूळ समजले गेले. पुढे रॉक संगीताला एफएमकडे ओढून आणण्यात त्याचा वाटा मोठा ठरला.

तळघरातील केंद्र घरगुती निष्ठेवर चालू शकते, परंतु परवाना, यंत्रसामग्री आणि पगार यांचा खर्च निष्ठेवर भागत नाही. १९६४मध्ये केंद्राची मालकी शिकागोच्या सेंच्युरी ब्रॉडकास्टिंग या कंपनीकडे गेली आणि प्रसारणकक्ष क्रेस्टवुडमध्येच वॉटसन रोडवर हलवण्यात आला. हा रस्ता म्हणजे शिकागोपासून लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या सुप्रसिद्ध ‘रूट ६६’ महामार्गाचाच भाग होता. शेजारी ‘सिक्स्टी-सिक्स पार्क-इन’ हे मोकळ्या मैदानातील चित्रपटगृह होते, जेथे प्रेक्षक आपापल्या मोटारीत बसूनच पडद्यावरील चित्रपट पाहत असत. नव्या व्यवस्थापनाने अभिजात संगीताची जागा हलक्याफुलक्या, सर्वांना चालतील अशा गाण्यांना दिली. मात्र असे संगीत वाजवणारी इतर केंद्रे पुष्कळ असल्याने या बदलाने फारसे साधले नाही.

ज्या परिस्थितीतून पुढचे वळण आले तिचे मूळ वॉशिंग्टनच्या एका नियमात होते. १ लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत एकाच मालकाच्या एएम व एफएम केंद्रांनी निम्म्याहून अधिक वेळ एकच कार्यक्रम ऐकवू नये, असा नियम आयोगाने १९६४मध्ये केला आणि मुदतवाढी संपून तो १९६७च्या प्रारंभी खऱ्या अर्थाने लागू झाला. त्यामुळे देशभरातील शेकडो एफएम केंद्रांपुढे आता काय वाजवायचे, हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. नेमक्या त्याच सुमारास संगीताचे स्वरूपही पालटत होते. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, प्रत्येक बाजूला एकच गाणे असलेली छोटी तबकडी मागे पडून मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी लाँग-प्ले तबकडी हेच कलावंतांचे मुख्य माध्यम झाले होते. जून १९६७मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा संग्रह आला तेव्हा त्यातील एकही गाणे सुटे काढलेले नव्हते, म्हणजे ‘टॉप फॉर्टी’च्या यंत्रात घालण्याजोगे त्यात काहीच नव्हते. एप्रिल १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या के-एम-पी-एक्स केंद्रावर टॉम डोनाह्यू यांनी अशा लांब व अपरिचित गाण्यांना रात्रीचे तास देऊन दाखवले होते आणि तरुण श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले होते.

के-शीच्या मालकांचे सेंट लुईसमध्ये एएम केंद्र नसल्याने वरील नियम त्यांना लागू नव्हता. त्यांच्यापाशी गमावण्यासारखेही फारसे नव्हते, आणि हीच गोष्ट केंद्राच्या पथ्यावर पडली. ५ नोव्हेंबर १९६७ रोजी केंद्राने रॉक संगीत सुरू केले. पहिले गाणे म्हणून जेफर्सन एअरप्लेन या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाच्या ‘व्हाइट रॅबिट’ची नोंद केंद्राच्या परंपरेत आहे. या काळापासून पुढे जवळजवळ दोन दशके केंद्राची सूत्रे शेली ग्राफमन यांच्याकडे होती, आणि सेंच्युरी कंपनीत भागीदार असलेले त्यांचे बंधू हॉवर्ड ग्राफमन शिकागोहून पाठबळ देत होते. निवेदक, अभियंते, जाहिराती मिळवणारे प्रतिनिधी, ध्वनिमुद्रिकांची नोंद ठेवणारे साहाय्यक आणि रात्रपाळीचे तरुण कर्मचारी या सर्वांच्या श्रमांतून नवे स्वरूप आकारास आले. त्यांतील अनेकांची नावे कोणत्याही कागदावर उरलेली नाहीत, परंतु त्यांच्याशिवाय केंद्र एक आठवडाही चालले नसते.

प्रसारणकक्षातील कामाची रीत त्या काळी पूर्णपणे हाताची होती. निवेदकासमोर दोन टर्नटेबल असत. एकावर गाणे चालू असताना तो दुसऱ्यावर पुढची तबकडी ठेवून सुई गाण्याच्या आरंभी टेकवी, तबकडी हाताने अर्धा फेरा मागे फिरवून धरी, आणि आधीचे गाणे संपताच ती सोडून देई, जेणेकरून गती पूर्ण होण्यात जाणारा क्षणभराचा वेळ रिकाम्या खाचेतच निघून जाई व पहिला स्वर अचूक लागे. काय वाजवायचे याची निवड मोठ्या प्रमाणात निवेदकाच्या आवडीवर सोपवलेली होती. या पद्धतीला तेथे ‘फ्री-फॉर्म’ म्हणतात. निवेदनाचा सूरही बदलला. एएमवरील आरडाओरड्याऐवजी सावकाश, हलक्या आवाजात बोलणे आणि दोन-तीन गाणी सलग वाजवून मगच त्यांची नावे सांगणे हा प्रघात पडला, आणि श्रोत्याला गाणे पूर्ण ऐकू देणे हा केंद्राचा अलिखित नियम बनला.

केंद्राचे बोधचिन्हही याच काळाची देणगी आहे. जेथ्रो टल या वाद्यवृंदातून बाहेर पडलेले गिटारवादक मिक अ‍ॅब्राहम्स यांनी स्थापन केलेल्या ब्लॉडविन पिग या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९६९मधील पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावर कानांवर हेडफोन आणि डोळ्यांवर गॉगल चढवलेले एक डुक्कर होते. त्यावरून केंद्राने ‘स्वीटमीट’ नावाचा आपला डुक्कर घडवला आणि त्याची चित्रे मोटारींच्या मागच्या पट्ट्यांवर, शर्टांवर व भिंतींवर झळकू लागली. संस्थेचे मानचिन्ह म्हणून वराहाची निवड मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु शिष्टाचाराला वाकुल्या दाखवण्याचा जो स्वभाव त्या संगीतात होता त्याला हे चिन्ह शोभून दिसले, आणि इतर केंद्रे दर पाच-दहा वर्षांनी आपले चिन्ह बदलत असताना हे मात्र टिकले.

१९७१ ते १९८० : स्वतःची परंपरा

या दशकात केंद्राने जे कमावले त्यावर ते आजही उभे आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आरंभ मात्र अडचणींचा होता. ५ मार्च १९७१ रोजी आयोगाने एक सूचना काढून, अमली पदार्थांचा पुरस्कार करणाऱ्या गाण्यांविषयी परवानाधारकाने स्वतः माहिती करून घेऊन जबाबदारीने निर्णय घ्यावा, असे बजावले. तेव्हा परवान्याचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागत असल्याने रॉक वाजवणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या चालकांना ही सूचना गांभीर्याने घ्यावी लागली, आणि फ्री-फॉर्मच्या निर्धास्त दिवसांना देशभर उतार लागण्यामागे व्यापारी हिशेबांइतकीच ही धास्तीही कारणीभूत होती. सेंट लुईसमध्येच १९६९मध्ये सुरू झालेले के-डी-एन-ए हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे अतिशय स्वच्छंद केंद्र काही वर्षांतच बंद पडले. जाहिरातींवर चालणारे के-शी टिकले, याचे श्रेय सावध व्यवस्थापनाला द्यावे लागते, जरी त्या सावधपणाला काही जुन्या श्रोत्यांनी तडजोड म्हटले असले तरी.

फ्री-फॉर्मच्या जागी आलेल्या पद्धतीला ‘अल्बम-ओरिएंटेड रॉक’ म्हणतात. तिच्यात सुट्या लोकप्रिय गाण्यांऐवजी संग्रहांतील निवडक गाणी वाजवली जातात, परंतु निवड निवेदकाऐवजी कार्यक्रम-संचालक करतो. ली अ‍ॅब्रम्स यांच्यासारख्या सल्लागारांनी श्रोत्यांच्या पाहण्या करून अशा गाण्यांच्या आखीव याद्या बनवल्या आणि त्या अनेक शहरांतील केंद्रांना विकल्या. परिणामी एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत तीच ती गाणी ऐकू येऊ लागली. के-शीने यादीची शिस्त काही प्रमाणात स्वीकारली, पण यादी मात्र आपल्या घरचीच ठेवली. मिसूरी, इलिनॉय आणि आसपासच्या राज्यांतील वाद्यवृंदांना, तसेच इतरत्र दुर्लक्षित राहिलेल्या इंग्लिश व कॅनडातील कलावंतांना येथे नियमित स्थान मिळाले. या गाण्यांना पुढे ‘के-शी क्लासिक’ असे नाव पडले. आजही मध्य-पश्चिमेतील जुन्या श्रोत्याला एखादे गाणे सर्वत्र गाजलेले वाटते आणि दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाने ते कधी ऐकलेलेही नसते. केंद्राच्या साठ वर्षांच्या कामगिरीतील हा सर्वांत मौलिक भाग आहे, असे प्रस्तुत आढाव्याचे मत आहे.

याची उदाहरणे अनेक आहेत. सेंट लुईसहून सुमारे तीनशे किलोमीटरवरील शँपेन या विद्यापीठनगरीत १९६७मध्ये, म्हणजे के-शीने रॉक सुरू केले त्याच वर्षी, स्थापन झालेला आर-ई-ओ स्पीडवॅगन हा वाद्यवृंद १९८१मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचला, परंतु त्याआधीची जवळजवळ दहा वर्षे तो मध्य-पश्चिमेतील केंद्रांच्या आणि सभागृहांच्या आधारावरच तगून होता. इलिनॉयमधलाच हेड ईस्ट हा वाद्यवृंद त्याहून बोलके उदाहरण ठरेल. त्याने आपला पहिला संग्रह १९७४मध्ये स्वखर्चाने काढला होता. या भागातील केंद्रांनी, त्यांत के-शीने अग्रक्रमाने, त्यातील गाणी वाजवल्यावर मोठ्या कंपनीने १९७५मध्ये तोच संग्रह नव्याने बाजारात आणला. त्याच वर्षी सेंट लुईसचेच ममाज प्राइड आणि पावलोव्ह्ज डॉग हे दोन वाद्यवृंद मोठ्या कंपन्यांकडून प्रकाशित झाले. त्यांचे नाव राष्ट्रीय पातळीवर फार पुढे गेले नाही, पण त्यांच्या गावच्या केंद्रावर ते कधीच जुने झाले नाहीत. कॅलिफोर्नियाचे सॅमी हेगर यांना तर घरच्यापेक्षा सेंट लुईसमध्येच अधिक प्रेम मिळाले, असे म्हटले जाते.

केंद्राचा श्रोतृवर्ग प्रत्यक्ष एकत्र येण्याची ठिकाणेही या काळात निर्माण झाली. मिसिसिपीच्या पलीकडे एडवर्ड्सव्हिल येथील विद्यापीठाच्या आवारात १९६९ ते १९८० या काळात ‘मिसिसिपी रिव्हर फेस्टिव्हल’ हा उन्हाळी संगीतोत्सव भरत असे, ज्यात सेंट लुईसचा सिंफनी वाद्यवृंद आणि रॉक कलावंत एकाच मंचावर, अर्थात वेगवेगळ्या संध्याकाळी, हजेरी लावत. १९०४च्या जागतिक प्रदर्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या फॉरेस्ट पार्कमध्ये केंद्राने आयोजित केलेले पतंगोत्सव हेही त्या पिढीच्या आठवणीत राहिले. त्यांत पतंगांपेक्षा संगीताला आणि संगीतापेक्षा गर्दीला महत्त्व होते, अशी मिस्कील नोंद येथे करावीशी वाटते. १९७६मध्ये जॉन युलेट केंद्रात रुजू झाले आणि त्यांचा आवाज पुढे अनेक दशके केंद्राशी एकरूप झाला; १९८३पासून ते सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाच्या मैदानावरील उद्घोषकही होते, त्यामुळे रॉक न ऐकणाऱ्या घरांतही तो आवाज पोहोचला. दशक संपता संपता, सुमारे १९७९मध्ये, अमेरिकेत एफएमच्या एकूण श्रोत्यांनी एएमच्या श्रोत्यांना मागे टाकले. १९६१मध्ये जो शौकिनांचा प्रांत होता तो आता बाजाराचा मध्य झाला होता, आणि शहरात के-ए-डी-आयसारखे स्पर्धकही उभे राहिले होते.

१९८१ ते १९९० : हस्तांतर आणि ‘क्लासिक रॉक’चा उदय

ऑगस्ट १९८१मध्ये एम-टी-व्ही ही दूरचित्रवाहिनी सुरू झाल्यावर नवे गाणे प्रथम कोठे भेटते, या प्रश्नाचे उत्तर बदलले; नभोवाणी केंद्राचा शोधकाचा मान त्यामुळे कमी झाला. १९८४मध्ये सेंच्युरीकडून केंद्र इंडियानापोलिस येथील एमिस या कंपनीकडे गेले आणि ग्राफमन बंधूंचा काळ संपला. अशा हस्तांतरात धोरण, मनुष्यबळ आणि संगीतसूची यांविषयी मतभिन्नता होणे स्वाभाविकच असते. तिच्या तपशिलात न शिरता एवढेच नमूद करणे पुरेसे आहे की, नव्या व्यवस्थापनाने केंद्राचे नाव, चिन्ह आणि रॉक संगीत या तिन्ही गोष्टी कायम ठेवल्या.

याच दशकाच्या मध्यास ‘क्लासिक रॉक’ हा कार्यक्रम-प्रकार अस्तित्वात आला. १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९७०चे दशक यांतील रॉक गाणीच प्रामुख्याने वाजवायची, नवी गाणी जवळजवळ नाहीतच, अशी ही योजना होती; मिशिगन राज्यातील एका केंद्रावर १९८५मध्ये ती राबवणारे सल्लागार फ्रेड जेकब्स यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी तोपर्यंत तिशी-चाळिशीत आली होती, तिच्या हाती पैसा होता, आणि जाहिरातदारांना तिच्या तरुणपणाच्या गाण्यांची किंमत कळली होती. इतर केंद्रांनी ही गाणी बाहेरून आणून आपल्या सूचीत बसवली. के-शीला तसे करावे लागले नाही, कारण ती गाणी नवी असताना याच केंद्राने वाजवली होती. केंद्र आपल्या जागी राहिले आणि त्याची संगीतसूची वयाने अभिजात झाली. तरीही ‘आपण जुन्याचे केंद्र आहोत की रॉकचे’ हा प्रश्न तेव्हापासून आजवर केंद्राच्या बैठकांत येत राहिला असल्यास नवल नाही.

१९९१ ते २००० : कसोटी आणि एकत्रीकरण

दशकाची सुरुवात एका अप्रिय प्रसंगाने झाली आणि संस्थेच्या इतिहासात तो वगळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आखाती युद्ध चालू असताना, २९ जानेवारी १९९१ रोजी, केंद्रावरून आणीबाणीच्या इशाऱ्यासारखा ध्वनी आणि अण्वस्त्रहल्ल्याची खोटी घोषणा प्रसारित झाली. युद्धाविषयीच्या बेफिकीर बोलण्यावर उपरोध म्हणून ती योजलेली होती, परंतु ऐकणाऱ्यांत घबराट पसरली. केंद्राने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि आयोगाने २५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. देशातील इतर काही केंद्रांवरही त्या सुमारास असे फसवे प्रसारण झाले होते आणि त्या सर्वांचा परिणाम म्हणून १९९२मध्ये लोकांना हानी पोहोचवू शकणाऱ्या खोट्या प्रसारणाविरुद्ध आयोगाने स्वतंत्र नियम केला. केंद्राच्या कामकाजात या प्रसंगानंतर आलेली शिस्त पुढील पिढीतील निवेदकांच्या अंगवळणी पडली.

संगीताच्या बाजूने सिएटलहून आलेल्या ग्रंज या खरखरीत, उदास रॉकने तरुण श्रोत्यांना दुसरीकडे नेले, आणि शहरात केवळ नव्या रॉकसाठी वेगळे केंद्र उभे राहिल्याने के-शीचा भर आपोआप जुन्या भांडारावर अधिक स्थिरावला. कार्यालय आणि प्रसारणकक्ष यांचे स्थानांतर शहराच्या मध्यवर्ती भागात, १८९४मध्ये बांधलेल्या युनियन स्टेशन या भव्य रेल्वेस्थानकाच्या आवारातील ‘पॉवरहाऊस’ इमारतीत झाले. गाड्या येणे बंद होऊन स्थानकाचे हॉटेल व बाजारपेठ झालेली असल्याने जागा भरपूर होती. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा काढून टाकली आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत केंद्रे घेण्यास मुभा दिली. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील हजारो केंद्रांची मालकी बदलली, अनेक ठिकाणी निवेदकांची संख्या घटली आणि ‘व्हॉइस-ट्रॅकिंग’ रूढ झाले, म्हणजे एका शहरात बसून ध्वनिमुद्रित केलेले निवेदन दुसऱ्या शहरात जणू थेट असल्यासारखे ऐकवण्याची सोय झाली. के-शी या लाटेत एमिसकडेच राहिले. स्थानिक आवाज कायम ठेवण्याचा केंद्राचा आग्रह व्यापारी दृष्टीनेही शहाणपणाचा ठरला, कारण ज्याची नक्कल दूरून करता येत नाही असे त्याच्याजवळ तेवढेच उरले होते.

२००१ ते २०१७ : सुवर्णमहोत्सवापर्यंत

या कालखंडाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उपग्रह-नभोवाणी २००१मध्ये आली, खिशात हजारो गाणी मावणारी उपकरणे आली, नंतर मोबाइल संचावरून हवे ते गाणे मागवता येऊ लागले, आणि प्रत्येक वेळी नभोवाणीच्या अंताचे भाकीत वर्तवले गेले. महाराष्ट्रात खासगी मालकीची एफएम केंद्रे सुरू होत होती त्याच वर्षांत अमेरिकेत ती संपणार असल्याची चर्चा चालू होती, हा योगायोग मराठी वाचकाला रंजक वाटेल. के-शीने आपले प्रसारण इंटरनेटवर उपलब्ध केले, त्यामुळे नोकरीनिमित्त दूर गेलेल्या सेंट लुईसकरांना गावचे केंद्र परत मिळाले. श्रोत्यांपुढे कलावंतांना प्रत्यक्ष आणण्याचे उपक्रमही केंद्राने चालू ठेवले. नोव्हेंबर २०१७मध्ये रॉक प्रसारणाची पन्नास वर्षे पूर्ण झाली. एकाच शहरात, एकाच लहरीवर, एकाच नावाने आणि खंड न पडता इतकी वर्षे रॉक वाजवणारी केंद्रे अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

२०१८पासून आजपर्यंत

२०१८मध्ये एमिसने सेंट लुईसमधील आपला कारभार आवरता घेतला तेव्हा के-शी मिनेसोटा राज्यातील हबर्ड ब्रॉडकास्टिंग या कंपनीकडे आले. १९२०च्या दशकापासून प्रसारणक्षेत्रात असलेली ही कंपनी एका कुटुंबाच्या मालकीची आहे, आणि शेअरबाजाराच्या तिमाही हिशेबांपासून ती काहीशी दूर असल्याने या हस्तांतराचे कर्मचाऱ्यांत स्वागत झाले असावे, असा तर्क करता येतो. केंद्र आज सुमारे १ लाख वॅट शक्तीने मिसूरीचा पूर्व भाग आणि नदीपलीकडील इलिनॉय यांना ऐकू येते; इंटरनेटवरील प्रवाहही चालू आहे. केंद्राच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी रॉन स्टीव्हन्स यांनी केंद्राच्या इतिहासावर एक माहितीपटही तयार केला आहे, त्यामुळे सुरुवातीच्या दोन दशकांतील काही कार्यकर्त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदल्या गेल्या. ज्या पिढीने टर्नटेबलवर तबकड्या फिरवल्या तिच्यातील माणसे आता थोडी उरली असल्याने या नोंदीचे मोल विशेष आहे.

दैनंदिन कार्यक्रमात जगभर गाजलेल्या रॉक गाण्यांबरोबर ‘के-शी क्लासिक’ गाण्यांना ठरलेली जागा असते. ज्या श्रोत्याने १९६७मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी हे केंद्र प्रथम लावले तो हीरकमहोत्सवी वर्षात सत्त्याहत्तर वर्षांचा असेल. त्याची मुले आणि नातवंडे याच गाण्यांवर वाढली असली, तरी त्यांच्या स्वतःच्या तरुणपणातील रॉक गाण्यांपैकी कोणती या सूचीत घ्यायची, किती घ्यायची आणि त्यांना ‘क्लासिक’ केव्हा म्हणायचे, याचा निर्णय कार्यक्रम-विभागाला दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो. नव्वदच्या दशकातील ग्रंज, जे एकेकाळी शेजारच्या केंद्राकडे गेले होते, ते आता तीस वर्षे जुने झाले आहे.